दान समाजाचे, दर बाजाराचा
यकृत-प्रत्यारोपणाविषयी रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

(चिखली येथे पक्षकार्यकर्ते व हितचिंतक यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिखली गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्यानंतर इंद्रायणीकाठच्या शेतजमिनीवर लघुउद्योगांच्या शेड, गोदामे, घरकुलाच्या इमारती आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. भोसरी, तळवडे आणि चाकण येथील कारखान्यांत राबणारा कामगार मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून येथे वस्तीला आला. अशा वस्तीतील एखाद्या घरी यकृताचा आजार हाताबाहेर गेला की घरच्यांच्या कानावर दोन वाक्ये पडतात. ‘यकृत बदलावे लागेल’ हे पहिले आणि ‘वीस-पंचवीस लाखांची सोय करा’ हे दुसरे. या दोन वाक्यांच्या मध्ये जे सांगितले जावयास हवे ते बहुधा सांगितले जात नाही, आणि ऐकणाराही भीतीने इतका गांगरलेला असतो की विचारण्याचे त्याला सुचत नाही. गावाकडची जमीन विकावी की नाही, यकृत धाकट्या भावाने द्यावे की बायकोने, असे आयुष्यभराचे निर्णय मग एका रात्रीत घेतले जातात.

म्हणून रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी काय जाणून घ्यावे, याचा विचार प्रथम केला पाहिजे. परंतु हा विचार केवळ वैद्यकापाशी थांबणारा नाही. या उपचारात एक मूलभूत विसंगती आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. मानवी अवयवाची खरेदी-विक्री हा आपल्या देशात गुन्हा आहे. यकृत देणारा जिवंत नातेवाईक असो अथवा दुःखात बुडालेले एखादे कुटुंब असो, ते देतात ते विनामूल्य देतात. मात्र हा अवयव दात्याच्या शरीरातून निघाल्यापासून रुग्णाच्या शरीरात पोहोचेपर्यंत आणि पुढे रुग्ण जगेल तोवर, प्रत्येक पावलाला बाजाराचा दर लागतो. ज्याला तो दर परवडत नाही त्याला त्या दानात वाटा नाही. दान समाजाचे आणि दर बाजाराचा, हे या प्रश्नाचे खरे स्वरूप आहे.

प्रत्यारोपण केव्हा, कोणाला?

यकृत हा पोटाच्या उजव्या भागात, बरगड्यांच्या आड असलेला शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव. प्रौढ माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. अन्नातून आलेल्या द्रव्यांवर प्रक्रिया करणे, पित्त निर्माण करणे, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने तयार करणे, विषारी द्रव्यांचा निचरा करणे ही त्याची कामे. मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिसच्या आधारे माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो. यकृताचे काम तसे दीर्घकाळ चालविणारे यंत्र अद्याप नाही. म्हणूनच यकृत पूर्ण निकामी झाल्यावर प्रत्यारोपण हाच अखेरचा उपाय उरतो.

तथापि, यकृताचा आजार झालेल्या प्रत्येकाला प्रत्यारोपण लागते असे मुळीच नाही. यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली म्हणजे ते निबर होते, त्यात गाठी पडतात. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. दारू, लठ्ठपणा व मधुमेह यांच्या जोडीने यकृतात साठणारी चरबी, हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, ही त्याची प्रमुख कारणे. यांपैकी हिपॅटायटिस सी साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो. बी बरा होत नसला तरी औषधांनी आटोक्यात राहतो. या दोहोंची तपासणी व औषधे मोफत देण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. दारू वेळीच व पूर्णपणे सोडल्यास कित्येकांचे यकृत पुन्हा काम देण्याइतके सावरते. म्हणून रुग्णाने डॉक्टरांना विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, माझ्या आजाराचे मूळ कारण कोणते, आणि त्यावर उपचार अजून शक्य आहे काय?

दुसरा प्रश्न वेळेचा. पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी होणे, माणूस बरळू लागणे किंवा त्याला दिवसा गुंगी येणे, कावीळ न उतरणे या चिन्हांपैकी एक जरी दिसले तरी यकृताने हात टेकावयास सुरुवात केली आहे असे समजावे. याच टप्प्यावर यकृततज्ज्ञाकडे आणि प्रत्यारोपण केंद्राकडे एकदा तपासणी करून घेणे इष्ट असते. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर ‘मेल्ड’ नावाचा अंक काढतात. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ या साध्या रक्तचाचण्यांवरून तो निघतो आणि तो ६ पासून ४० पर्यंत असतो. साधारणपणे तो १५ च्या पुढे गेला म्हणजे प्रत्यारोपणाचा विचार होतो. त्याखाली असताना शस्त्रक्रियेचा धोका आजाराच्या धोक्याहून मोठा ठरू शकतो. आपला अंक किती, तो गेल्या सहा महिन्यांत वाढला की घटला, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

काही वेळा मात्र महिने नव्हे, दिवस मोजावे लागतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या काविळी बहुधा आपोआप बऱ्या होतात. परंतु थोड्या रुग्णांत, विशेषतः ई झालेल्या गरोदर स्त्रियांत, त्या यकृत झपाट्याने निकामी करतात. उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसच्या औषधाने आणि पॅरासिटामॉलच्या अतिसेवनानेही तेच होते. अशा वेळी काविळीचा रुग्ण गुंगीत जाऊ लागला असता त्याला ‘कावीळ उतरविणाऱ्या’कडे नेणे, गळ्यात माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने हात धुणे यात जे दोन-तीन दिवस जातात तेच दिवस त्याच्या जिवाचे असतात. आपल्याकडील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने हा विषय वस्तीवस्तीत नेण्याजोगा आहे.

प्रत्यारोपण कोणाला करता येत नाही, हेही माहीत असावे. हृदय वा फुप्फुसे फार दुर्बल असतील, शरीरात आटोक्यात न आलेला जंतुसंसर्ग असेल, किंवा कर्करोग यकृताबाहेर पसरला असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. यकृतातच मर्यादित असलेला कर्करोग हा मात्र वेगळा विषय आहे. १९९६ साली इटलीतील मिलान येथील डॉक्टरांनी दाखवून दिले की, पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठींपर्यंत रोग असेल, तर प्रत्यारोपणाने चांगला गुण येतो. आजही तोच निकष पायाभूत मानला जातो.

दारू पिणाऱ्याचे काय? ‘आपल्या हाताने ओढवून घेतले, आता भोगू द्या’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. व्यसन हा आजार आहे. बहुतेक केंद्रे रुग्णाने काही काळ, बहुधा सहा महिने, दारू पूर्ण सोडल्याची खात्री मागतात आणि मानसोपचाराचा आग्रह धरतात. नव्या यकृताचे रक्षण व्हावे म्हणून ते योग्यच आहे. परंतु नीतीचा पाठ रुग्णाला देणाऱ्या समाजाने हेही पाहावे की, जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करवाढीतून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांच्या वाढीव उत्पन्नाची अपेक्षा धरली. ज्या पेल्यातून तिजोरी भरते त्याच पेल्याने निकामी झालेल्या यकृताची जबाबदारी मात्र एकट्या रुग्णाच्या कुटुंबाची, हा हिशेब कोणत्याही लोककल्याणकारी राज्याला शोभणारा नाही.

जिवंत दाता : कोण देते आणि कोणाला?

यकृताची एक विलक्षण शक्ती अशी की त्याचा भाग काढला तरी उरलेले यकृत वाढून काही महिन्यांत बहुतांशी पूर्ववत होते. या शक्तीच्या आधारे १९८९ च्या सुमारास जिवंत दात्याकडून यकृताचा भाग घेण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आपल्या देशातील पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले तेही असेच होते. पित्याने आपल्या यकृताचा तुकडा आपल्या लहान बाळाला दिला. भारतात आज होणाऱ्या यकृत-प्रत्यारोपणांपैकी बहुसंख्य जिवंत दात्यांवरच अवलंबून आहेत.

लहान मुलासाठी यकृताच्या डाव्या बाजूचा छोटा भाग पुरतो. प्रौढ रुग्णासाठी मात्र बहुधा उजवा भाग, म्हणजे दात्याच्या यकृताचा निम्म्याहून अधिक हिस्सा काढावा लागतो. दात्याकडे साधारण तीस टक्क्यांहून अधिक यकृत उरले पाहिजे, हा सुरक्षिततेचा नियम. दाता प्रौढ, निरोगी, जुळणाऱ्या रक्तगटाचा आणि यकृतात चरबी नसलेला असावा लागतो. त्याला आठवडाभर रुग्णालयात राहावे लागते. जड काम तर सुमारे तीन महिने करता येत नाही. चाकणच्या असेंब्ली लाइनवर उभे राहून काम करणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने हे तीन महिने म्हणजे काय, हे येथे सांगावयास नको.

धोका शून्य नाही, आणि तो शून्य आहे असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पित्त गळणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखमेच्या जागी हर्निया यांसारखी गुंतागुंत दात्यांपैकी काहींना होतेच. उजवा भाग देणाऱ्या दात्याचा मृत्यू होण्याची शक्यता जगभरच्या अनुभवावरून दर दोनशे ते पाचशे दात्यांत एक अशी सांगितली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यातील एका खासगी रुग्णालयात पतीला यकृताचा भाग देणाऱ्या पत्नीचा आणि पतीचाही काही दिवसांच्या अंतराने मृत्यू झाला आणि राज्याच्या आरोग्य विभागाला चौकशी हाती घ्यावी लागली. अशी घटना विरळ असली तरी एका घरातून दोन माणसे जातात तेव्हा त्या घराला सरासरीचे आकडे सांगून समाधान मिळत नाही. म्हणून दात्याची प्रकृती पाहणारा डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरांहून वेगळा असावा, आणि या केंद्रात आजवर किती दाते झाले व त्यांची पुढे प्रकृती कशी राहिली हा प्रश्न दात्याने स्वतः विचारावा.

येथे स्त्रियांचा प्रश्न उभा राहतो. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या आकड्यांनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव-प्रत्यारोपणे झाली. त्यांत पुरुष रुग्ण २९,००० हून अधिक आणि स्त्रिया केवळ ६,९४५ होत्या. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियांचेच प्रमाण मोठे. घेणारा पुरुष आणि देणारी पत्नी, आई वा बहीण, असे हे चित्र आहे. ‘घरचा कर्ता वाचला पाहिजे’ असे म्हणताना त्या घरात धुणीभांडी करून, शिवणकाम करून दुसरा पगार आणणारी बाई कर्ती नाही काय, असा विचार कोणाला शिवत नाही. नोकरीच्या नुकसानीचा हिशेब होतो तो पुरुषाच्या पगाराचा. ज्या श्रमाला पगार नाही त्याची किंमत शून्य धरली जाते. २०१४ च्या नियमांत स्त्री दात्याच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळून घ्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच राष्ट्रीय संस्थेने प्रतीक्षायादीत स्त्री रुग्णांना प्राधान्य द्यावे अशी सूचनाही काढली. दाता शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत नकार देऊ शकतो, हे प्रत्येक दात्याला एकांतात सांगितले गेले पाहिजे. घरच्यांचा रोष टळावा म्हणून डॉक्टर ‘दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच सांगून त्याला मोकळे करू शकतात. नकार देणारी सून वा बहीण ही निष्ठुर ठरत नाही, हे आपल्या घराघरांतून सांगितले पाहिजे.

पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना कायदा जवळचे नातेवाईक मानतो. इतर कोणी देऊ इच्छित असेल तर शासनमान्य प्राधिकार समितीची परवानगी लागते. या नियमाला पळवाट काढण्याचे प्रयत्न होतात. २०२२ साली पुण्यात उघडकीस आलेल्या मूत्रपिंडाच्या प्रकरणात कोल्हापूरकडील एका गरीब स्त्रीला पंधरा लाखांचे आमिष दाखवून रुग्णाची खोटी पत्नी म्हणून उभे केल्याचा आरोप झाला. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयवांच्या व्यापाराला पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे. ‘दाता मिळवून देतो’ म्हणणारा दलाल रुग्णाला मदत करीत नसतो. तो त्याला कर्जाबरोबर तुरुंगाच्या दारातही नेत असतो.

मृत्यूनंतरचे दान आणि प्रतीक्षायादी

घरातील कोणाच्याही पोटावर सुरी न चालविता यकृत मिळण्याचा मार्ग म्हणजे मेंदू-मृत व्यक्तीचे अवयवदान. १९९४ साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. हा विषय राज्यांचा असल्याने राज्यांच्या ठरावांवरून तो केला गेला आणि असे ठराव करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. या कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो प्रमाणित करावयाचा असतो. यंत्राच्या आधारे छाती हलत असली, हृदय धडधडत असले, तरी तो माणूस परत येणार नसतो. बेशुद्धी वेगळी आणि मेंदूस्तंभाचा मृत्यू वेगळा, हे लोकांना समजावून सांगणे हे दानाच्या प्रचारातील पहिले काम.

पुण्यात हे काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती पाहते. रुग्णाची नोंद मान्यताप्राप्त प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत होते आणि अवयव उपलब्ध झाल्यावर रक्तगट, आजाराची तीव्रता, शरीराचे आकारमान यांचा विचार होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने नोंदणीसाठी राज्याच्या रहिवासाची अट आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली आणि राज्यांनी नोंदणी-शुल्क घेऊ नये असे कळविले. यवतमाळहून वा गोरखपूरहून पोटासाठी चिखलीत आलेल्या कामगाराच्या दृष्टीने ही अट जाणे महत्त्वाचे होते. रुग्णाने एवढे करावे : आपली नोंद झाल्याचा लेखी पुरावा घ्यावा, ठरल्या वेळी रक्ततपासण्या करून अंक अद्ययावत ठेवावा, फोन चोवीस तास लागेल असा ठेवावा, आणि बोलावणे आले की काही तासांत पोहोचता येईल अशी सोय असावी. यकृत शरीराबाहेर थोडेच तास टिकते.

मागणीच्या मानाने पुरवठा अत्यंत तोकडा आहे. २०१३ साली देशात सर्व अवयवांची मिळून पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणे झाली. २०२३ साली ती अठरा हजारांवर गेली. पण मृत दाते त्या वर्षी हजाराच्या थोडेसे वर, म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी होते. स्पेनमध्ये हेच प्रमाण पन्नाशीच्या आसपास आहे. तेथील यशाचे श्रेय नुसत्या कायद्याला दिले जात नाही. १९८९ साली तेथे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली आणि रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. तात्पर्य, दानशूरपणा हा लोकांच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेवर अधिक अवलंबून असतो.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रिया आठ ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक चालते. रुग्ण दोन-तीन आठवडे रुग्णालयात राहतो. चांगल्या केंद्रांत शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद रुग्ण पहिले वर्ष पार करतात आणि सुमारे पंचाहत्तर रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत असतात. याचाच अर्थ काही रुग्ण वाचत नाहीत. त्यामुळे ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्यापासून सावध राहावे.

नवे यकृत शरीराला परके असते. शरीराने ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, मुख्यतः टॅक्रोलिमस, जन्मभर घ्यावी लागतात. गोळी ठरल्या वेळी घ्यावी, एक दिवसही चुकवू नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये. या औषधांनी जंतुसंसर्ग, रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाची इजा यांचा धोका वाढतो. म्हणून रक्ततपासण्या कधीच संपत नाहीत. उघड्यावरचे पाणी, कच्चे अन्न टाळावे. ताप आला तर घरी थांबू नये. काढे, भस्मे, जडीबुटी डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. एवढी शिस्त पाळणारे पुष्कळ रुग्ण काही महिन्यांत कामावर परततात, हेही तितकेच खरे.

पैसा कोठून आणावयाचा?

खासगी रुग्णालयांत या शस्त्रक्रियेचा खर्च साधारण वीस ते तीस लाखांच्या घरात जातो आणि औषधे-तपासण्यांचा दरमहा काही हजारांचा खर्च त्यानंतर सुरूच राहतो. रुग्णालयाने सांगितलेल्या ठोक रकमेत दात्याची तपासणी व शस्त्रक्रिया, रक्त, अतिदक्षता विभागातील वाढीव दिवस आणि पहिल्या वर्षाची औषधे धरली आहेत काय, हे लेखी मागावे. जमीन विकण्यापूर्वी पुढील दारे ठोठवावीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण या खर्चाला पुरे पडणारे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यकृत, हृदय, फुप्फुस यांसारख्या महाग प्रत्यारोपणांसाठी राखीव निधी उभारण्याचा निर्णय घेतला. त्याखालील अर्ज आपल्या रुग्णालयात कसा व कोणाकडे करावयाचा, हे योजनेच्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवण्याचे बंधन आहे. धर्मादाय आयुक्तांकडे तक्रारीची सोयही आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधानांचा मदतनिधी येथेही अर्ज करता येतो.

ज्यांचा कामगार राज्य विमा आहे त्यांच्या एका हक्काची माहिती फारच थोड्यांना असते. सिऱ्होसिस होऊन पोटात पाणी साठणे हा या योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीतील आजार आहे. नेहमीचा आजारपणाचा लाभ ९१ दिवस आणि वेतनाच्या ७० टक्के मिळतो. दीर्घ आजारात तो दोन वर्षांपर्यंत आणि ८० टक्के मिळू शकतो. अट अशी की दोन वर्षे सलग नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. आता चाकणमधील कंत्राटी कामगाराचा विचार करा. सहा-सात महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ दिला जातो. २०१७ साली वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरविली गेली. पगार जरा चढला की तो योजनेतूनच बाहेर पडण्याची धास्ती. म्हणजे पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो आणि आजार येतो तेव्हा नियम हात वर करतात. कंत्राटी पद्धतीविरुद्धचा लढा हा आरोग्याचाही लढा आहे तो असा.

कार्यकर्त्यांचे काम

१९७० साली ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी रक्तदानावर एक ग्रंथ लिहिला. रक्त विकत घेणाऱ्या व्यवस्थेपेक्षा स्वेच्छेने दिलेल्या रक्तावर उभी असलेली व्यवस्था अधिक सुरक्षित, कमी खर्चिक आणि अधिक मानवी असते, हा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली धंदेवाईक रक्तदान बंद करण्याचा आदेश दिला. अवयवांच्या बाबतीत आपण अर्धीच वाट चाललो आहोत. देणाऱ्याला बाजारातून बाहेर काढले, घेणाऱ्याला मात्र बाजारातच उभे ठेवले. पुणे-नाशिक रस्त्यावर अपघातात गेलेल्या एखाद्या मजुराचे यकृत त्याची बायको डोळे पुसत दान करते. तिच्याच शेजारच्या खोलीतल्या रुग्णाला ते परवडत नाही, कारण पुणे परिसरात ही शस्त्रक्रिया जवळजवळ सर्वस्वी खासगी व न्यासांच्या रुग्णालयांत होते. हे अपरिहार्य आहे असे कोणी म्हणू लागला तर त्याला चेन्नईचे उदाहरण द्यावे. तेथील स्टॅन्ली या सरकारी रुग्णालयाने २००९ सालापासून यकृत-प्रत्यारोपणे केली आहेत आणि तमिळनाडूच्या सरकारी विमा योजनेने गरिबांच्या खर्चाचा भार उचलला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पुण्यात ससूनसारख्या शासकीय रुग्णालयात यकृत-प्रत्यारोपणाचा सार्वजनिक कार्यक्रम उभा राहिला पाहिजे आणि प्रत्यारोपणानंतरची औषधे सरकारी दवाखान्यांतून जन्मभर मोफत मिळाली पाहिजेत. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात पूर्णवेळ प्रशिक्षित समन्वयक हवेत. जिवंत दात्याला तीन महिन्यांची पगारी रजा, विमा आणि वर्षानुवर्षे मोफत तपासणी हा हक्क म्हणून मिळावा. प्रत्येक केंद्राने रुग्णांचे व दात्यांचे निकाल दरवर्षी जाहीर करावेत, कारण निकाल झाकलेले असतील तर रुग्णाची संमती ही नावापुरतीच राहते.

या मागण्या मान्य होण्यास काळ लागेल. तोवर करण्याजोगे काम मात्र हाताशीच आहे. चिखली, कुदळवाडी, मोशी, तळवडे येथील वस्त्यांत हिपॅटायटिस बी व सीच्या मोफत तपासणीची शिबिरे भरविता येतील. पाण्याच्या गळक्या वाहिन्यांबाबत महापालिकेला जाब विचारता येईल. व्यसनमुक्ती केंद्राची वाट दाखविता येईल. अवयवदानाचा निर्णय घरच्यांना आधीच सांगून ठेवावा, कारण अखेरची संमती त्यांचीच लागते. युनियनच्या कचेरीत एक वही ठेवावी आणि तीत कामगार विम्याचे नियम, अर्जाचे पत्ते व आवश्यक कागदपत्रांची यादी लिहून ठेवावी. ज्या घरावर हा प्रसंग येईल त्या घराबरोबर एका कार्यकर्त्याने रुग्णालयात जावे, डॉक्टरांना प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहून घ्यावीत आणि दात्याशी, विशेषतः ती स्त्री असेल तर, तिच्याशी एकटीशी बोलावे. एवढे झाले तरी ते घर एका रात्रीत निर्णय घेण्याच्या सक्तीतून सुटेल.